सिस्टरबाईंचा पेशंट

अनसूयाबाई कटरे कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याची नाडी पाहतात. उजव्या हाताची दोन बोटं त्या उभ्या डब्याच्या कुशीला टेकवतात, डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावतात आणि ओठ हलवत मोजतात. तेव्हा डब्यात वीजही आलेली नसते. हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणतात, "निजला आहे तेव्हा कसा आहे, ते आधी पाहावं लागते बापू. कळा सुरू झाल्यावर सारेच वेगळे दिसतेत."

गोंदियाजवळच्या आमच्या बिरसीत त्यांना अनसूयाबाई या नावाने कोणी ओळखत नाही. त्या सिस्टरबाई. सारी नोकरी त्यांनी आरोग्य उपकेंद्रांत नर्स म्हणून केली, त्यातली बहुतेक वर्षं चोरखमाऱ्याच्या भागात. तलावाच्या पाळीवरून आधी सायकलने आणि मग मोपेडने त्या बाळंतपणांना जात. नवरा शाळामास्तर होता, तो गेला. निवृत्त झाल्यावर त्या बिरसीला, सासरच्या घरी परतल्या. त्यांची आणि आमची भिंत एकच आहे, त्यामुळे तिकडे बोललेलं इकडे ऐकू येतं. एकटं माणूस घरात किती बोलतं, याचा अंदाज शेजारी राहिल्याशिवाय येत नाही.

माणसं त्या चेहऱ्यावरून लक्षात ठेवत नाहीत. जन्माला कशी आली, त्यावरून ठेवतात. तिरोड्याच्या बाजारात एकदा पांढऱ्या कडक कपड्यांतला एक पुढारी त्यांच्या पाया पडला. सोबत चार कार्यकर्ते होते. बाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तू पायाळू ना रे? आई बरी आहे का?" कार्यकर्ते दुसरीकडे बघू लागले. आमच्याच गल्लीतल्या एका भांडखोर गृहस्थाबद्दल त्यांचं निदान असं: "तो नाळ गळ्यात घेऊन आला. अजून तसाच आहे. ज्याचं भांडण दिसलं, ते गळ्यात."

जगात जे जे घडतं त्याचे त्यांच्याकडे तीनच प्रकार आहेत. नॉर्मल, अडलेलं आणि रेफर. वेळेवर आलेली एसटी नॉर्मल. पेंढा अडकून बंद पडलेलं मळणीयंत्र अडलेलं. रेफर हा शब्द मात्र त्या आवाज उतरवून उच्चारतात. उपकेंद्रात असताना धोका दिसला की त्या उशीर न करता बाईला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवत. नियम तोच होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. पण त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. "बरी होऊन येते, लेकरू घेऊन येते, सारं खरं," त्या म्हणतात, "पण आपल्या हातून गेली ना मंग ती."

तर हा कॉम्प्युटर. त्यांची एकुलती एक मुलगी, स्मिता, अकरावीत गेली तेव्हा तो घरात आला. स्मिता त्याच्यापुढे बसून शिकली, मग नागपूरला इंजिनीअर व्हायला गेली, मग पुण्याला नोकरीला, मग लग्न होऊन ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. कॉम्प्युटर कुठेच गेला नाही. मधल्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारी, तिच्याच टेबलावर तो राहिला. मागल्या वेळी आली तेव्हा तिने त्याच्या पडद्यावर कॅमेरा बसवून दिला, कुठलं बटण कशाचं ते आईला शिकवलं, आणि दर रविवारी सकाळी मायलेकी त्यावर बोलू लागल्या.

यंदा धान घरात आल्यावर, थंडी पडली तेव्हा, तो बिघडला. बटण दाबलं की दिवा लागे. आत घरघर सुरू होई. 'टिट' असा एक आवाज येई. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटे, त्याखाली ठिपके गोल फिरू लागत, आणि आता उघडणार असं वाटेपर्यंत सारं काळं होई.

"रडते बापू," सिस्टरबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं. "पण टिकत नाई."

वेळ वाईट होती. स्मिताला मुलगी झाली होती आणि येत्या रविवारी तिकडे बारसं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी बाईंनी मागची खोली चुन्याने रंगवून घेतली होती, खाटेला नवी नवार घातली होती. पण स्मिताला डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. मग बाईंनी तिकडे जायचं ठरलं. तिकडचं घर लहान, एका वेळी एकच मोठं माणूस मावणार, आणि जावयाने आधी आपल्या आईला बोलावून घेतलं होतं. विहीणबाई नागपूरहून गेल्या. त्या उतारूंच्या रांगेत पासपोर्ट धरून उभ्या असल्याचा फोटोही बाईंच्या मोबाईलवर आला.

"तिनं कोनाचं बाळंतपण पाहिलं नाई," बाई म्हणाल्या. "सोताचं झालं तेव्हाही बेशुद्ध होती."

"चांगलं मोठं हॉस्पिटल आहे तिथे, सिस्टरबाई. सगळं व्यवस्थित झालं ना?"

"झालं. नॉर्मल झालं." त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "मी कुठं म्हणते का नाई झालं?"

बाळाचे फोटो मोबाईलवर येत होते, रोज येत होते. पण बाईंचा मोबाईलवर विश्वास नव्हता. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, त्यात मोबाईलची काच तडकलेली. शिवाय त्यांचा मुख्य आक्षेप वेगळा होता. "याच्यात सारेच गोरे दिसतेत. माह्या जावयाले पाह्य, तोही गोरा दिसते. लेकराचा रंग कसा समजन? पिवळं आहे का लाल आहे, अंगानं कसं आहे, ते मोठ्या पडद्यावरच दिसते." म्हणजे रविवार सकाळपर्यंत कॉम्प्युटर सुरू व्हायलाच हवा होता. बारसं पुन्हा होत नसतं.

पहिला तज्ज्ञ गोंदियाहून आला. मोटरसायकलवर, पाठीला बॅग. त्याने बटण दाबलं, चिन्ह उमटलेलं पाहिलं, काळं झालेलं पाहिलं आणि निकाल दिला.

"मदरबोर्ड गया आंटी. इसका टाइम हो गया."

"टाइम किसका हुआ, वो मैं बोलती," सिस्टरबाई म्हणाल्या. "तू काऊन बोलता? नाडी देखा क्या?"

"क्या देखा?"

"हाथ लगाया क्या इसको?"

बटणापलीकडे त्याने हात लावला नव्हता. तो म्हणाला, दुकानावर नेऊन खोलून बघतो, पुढल्या आठवड्यात सांगतो. बाईंना तो शब्द न उच्चारताही ऐकू आला.

"रेफर नाई करना," त्या म्हणाल्या. "चाय पी और जा."

तो चहा पिऊन गेला. मग मला बोलावणं आलं. मी काम करतो त्या वर्तमानपत्राच्या जिल्हा कचेरीत सुरू होता होता बंद पडणारे कॉम्प्युटर बरेच पाहायला मिळतात, एवढीच माझी पात्रता. ती बाईंना पुरेशी वाटली नाही, पण दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी वीज तपासली. पिन सैल होती, बोर्ड बदलला. शेजारच्या गिरणीमुळे दाब कमीजास्त होतो म्हणून गिरणी बंद असताना लावून पाहिलं. फरक नाही. दुसऱ्या दिवशी डब्याची एक बाजू उघडून आतली मेमरीची पट्टी काढली आणि तिचे पितळी दात शाळकरी खोडरबराने घासून पुन्हा बसवले. हा उपाय आपल्याकडे सगळे करतात आणि पुष्कळदा लागू पडतो. बाई टॉर्च धरून उभ्या होत्या. मी हात धुतले आहेत का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

"लाव आता," त्या म्हणाल्या.

बटण दाबलं. टिट. चिन्ह उमटलं. सिस्टरबाई खुर्चीवर पुढे सरकल्या. त्यांचा आवाज बदलला. हा आवाज भिंतीपलीकडून कधी ऐकू आला नव्हता.

"हाँ. चांगला आहेस. लाव जोर. घाबरू नको, मी आहे इथं. ठिपके आले, आले, आता सोडू नको, लंबा श्वास घे, अजून थोडा, अजून..."

पडदा काळा झाला.

"थकला," बाई म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसलं. घाम कॉम्प्युटरला येत नसतो. "घडीभर पडू दे. मंग जास्त टिकते."

हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. बराच वेळ विसावा दिला की तो जास्त वेळ चाले, लगेच लावला तर लवकर मरे. त्यावरून त्यांनी अशक्तपणा हे निदान केलं होतं आणि मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. आम्ही सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसलो. वर एक शिकाऊ विमान गोल घेत होतं. बिरसीत वैमानिकांची शाळा आहे, त्यामुळे दिवसभर डोक्यावर विमानं असतात. गावातली पोरंसुद्धा आता वर बघत नाहीत. सिस्टरबाई बघतात, प्रत्येक वेळी.

"हे जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही. फिरून इथेच उतरतं."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि ते उतरेपर्यंत बघत राहिल्या.

शनिवारी सकाळी मी न सांगता गेलो. बाई एकट्याच प्रयत्न करीत होत्या आणि कॉम्प्युटर वेगळा दिसत होता. त्याला लोकरीची शाल घट्ट गुंडाळली होती. शालीची टोकं खाली दुमडून नीट खोचली होती. डोक्यावर, म्हणजे वरच्या बाजूला, विणलेली टोपी होती. समोर बटणापुरतं तोंड उघडं ठेवलं होतं. आजवर मी जायचो तेव्हा शाल घडी करून बाजूला ठेवलेली असे आणि ती धुळीपासून झाकायची असेल असं मी समजलो होतो. पेशंट तपासताना उघडा हवा, म्हणून त्या ती काढून ठेवत. मी घरी परतलो की पुन्हा गुंडाळत.

"हे काय, सिस्टरबाई?"

"काय म्हणजे? थंडी पाहून राहिला ना?" त्या माझ्याकडे अडाणी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. "लेकरू निघाल्याबरोबर पहिलं काय करतेत? पुसतेत आन् गुंडाळतेत. उघडं ठेवलं का गार पडते. मी गावागावात हेच सांगत फिरली. शेकोटीपाशी नेऊ नका, पानी घालू नका, गुंडाळा. पोटाशी धरा."

"कॉम्प्युटरचं उलटं असतं. तो तापतो. फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. त्याला गार राहावं लागतं."

"उलटं?"

"उलटं."

बाईंनी डब्याला हात लावला. या वेळी दोन बोटं नव्हे, पंजाची मागची बाजू, ताप पाहतात तशी.

"ताप आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग टोपी काढली. शाल सोडवली, घडी न करता पोत्यावर टाकली. "म्हणजे मीच त्याले..." एवढंच बोलल्या.

मी ती बाजू पुन्हा उघडली आणि या वेळी पट्टीऐवजी पंख्याकडे पाहिलं. आतला पंखा हलत नव्हता. शेजारच्या पोत्यांतलं कुसळ आणि गिरणीचा बारीक कोंडा त्याच्या पात्यांत आणि खालच्या जाळीत इतका घट्ट बसला होता की लोकरीच्या जाड नमद्याचा तुकडा कापून ठेवल्यासारखा दिसत होता. शाल नसती तरी तो तापलाच असता, हे मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं. बाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या आत गेल्या होत्या. आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. त्यातून त्यांनी रबराचा लहान फुगा काढला, नळीसारखं तोंड असलेला. जन्मलेल्या बाळाच्या नाकातोंडातला चिकटा ओढून घ्यायचा हा फुगा. पॅकबंद होता, नवा.

"स्मितासाठी आणून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "सरक."

त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि कामाला लागल्या. चिमट्याने वरचा थर सोलून काढला, मग फुग्याने खालचा. एकही पातं वाकलं नाही. पंखा बोटाने फिरू लागला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

पंख्याखालच्या चिपवर एक पांढरा लेप असतो, तो वाळून खडू झाला होता. मी गोंदियाला जाऊन नव्या लेपाची ट्यूब आणली. ती बघताच बाईंचा चेहरा उजळला.

"मलम? याले मलम लागते? मंग आधी काऊन नाई सांगतलंस! पंखा, गार, उलटं, काय काय सांगत बसला."

मलम त्यांनी स्वतः लावलं. मी बटण दाबलं. टिट. चिन्ह. ठिपके फिरू लागले. बाईंनी या वेळी जोर लाव असं म्हटलं नाही. डोळे मिटले होते. ठिपके थांबले, पडदा निळा झाला, मग एकेक चित्र उमटत गेलं. बंद झाला नाही.

"सिस्टरबाई, बघा."

"पाहीन," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "अजून थोडा वेळ जाऊ दे. लगेच खुश नसते व्हाचं."

दिवसभर त्या त्याच्यासमोरून उठल्या नाहीत. बाळंतपणानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात, असं त्यांनी भिंतीपलीकडून कळवलं.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा काठाची साडी नेसून त्या तयार होत्या. पोती ओसरीत हलवलेली होती. कॉम्प्युटर कालपासून सुरूच होता, उघडाबोडका, आणि नेटही नॉर्मल होतं. बाईंना अजून त्याचं कुठलंही बटण दाबायची भीती वाटत होती, म्हणून ते काम माझ्याकडे होतं. ठरल्या वेळी पडद्यावर स्मिताचं नाव आलं आणि घंटी वाजू लागली.

"थांब," बाई म्हणाल्या आणि उठून मागच्या दारी गेल्या.

घंटी वाजत राहिली. मोरीवरून नळाचा आवाज येत होता. दारातून दिसत होतं. त्यांनी बांगड्या आणि घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवलं होतं आणि साबण लावून त्या हात धूत होत्या. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, तिथून कोपरापर्यंत. त्यांना घाई नव्हती. घंटी थांबली. पुन्हा सुरू झाली. त्यांनी साबण धुऊन टाकला, पाणी कोपरावरून निथळू दिलं आणि दोन्ही हात वाकवून छातीसमोर वर धरून त्या आत आल्या. अर्धवट लोटलेलं दार त्यांनी खांद्याने ढकललं, खुर्ची पायाने ओढली.

"उचल बापू. माह्या हातानं आता कशाले शिवता येत नाई."

पडद्यावर स्मिता आली. चेहरा उतरलेला, केस वर बांधलेले. मागे फुगे लावलेला पाळणा होता आणि पाळण्यापाशी विहीणबाई, हातात बाळ.

"आई, दिसून राहिलं का?"

"जवळ आण. उजेडात आण. टोपी काढ."

विहीणबाईंनी पुढे येऊन टोपी काढली.

"झबलं वर कर थोडं. पोट पाहू दे."

"अहो, गारठेल ती," विहीणबाई म्हणाल्या.

"तिथं उन्हाळा आहे. मले माहीत आहे."

विहीणबाईंनी झबलं वर केलं. सिस्टरबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. चांगला डोळा पुढे करून त्यांनी बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, बेंबी पाहिली, तळपाय पाहिले. आम्ही सगळे, इथला मी आणि तिथली माणसं, निकालाची वाट बघत होतो.

"रंग चांगला आहे," त्या म्हणाल्या. "नाळ साफ गळली. दूध नीट पिऊन राहिली." मग स्मिताकडे बघून, "तू जेवत नाईस."

स्मिता हसली. विहीणबाईंनी बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं. पडदाभर ते बाळच झालं. त्याने पाय झाडले. बाईंचे वर धरलेले हात आपसूक खाली आले, पुढे गेले आणि काचेच्या अलीकडे थांबले. डावा तळवा मानेसाठी, उजवा कमरेखाली, बोटं किंचित फाकलेली.

तिकडून स्मिता ते पाहत होती. ती सासूच्या कानाशी काहीतरी बोलली. विहीणबाईंनी आधी पडद्याकडे बघितलं, मग बाळाकडे. त्यांनी त्याला जरा खाली घेतलं. मग जरा डावीकडे. "अजून थोडं," स्मिता म्हणाली. बाळ पडद्यावर सरकत सरकत बाईंच्या तळव्यांवर आलं.

"धरलं," सिस्टरबाई म्हणाल्या. "सोडा आता."

विहीणबाईंनी बाळ सोडलं नाही. पण पाळण्यापाशी लोक खोळंबले होते तरी त्या बराच वेळ हलल्याही नाहीत.